'टिंग' वाजल्यानंतरचा अर्धा तास

मार्च संपत आला की आमच्या साताऱ्यात स्ट्रॉबेरीचा भाव उतरतो. डिसेंबरात ज्या खोक्यांकडे नुसतं बघून पुढे जायचं, तीच खोकी मार्चअखेरीला हातगाडीवाला "घ्या ताई, दोन घ्या, लावून देतो" म्हणत गळ्यात मारतो. महाबळेश्वर-पाचगणीचा घाट उतरून येईपर्यंत त्या फळांना घाम फुटलेला असतो. वरचा थर लालबुंद, देखणा. खालचा मऊ पडलेला. त्याच दिवशी वापरल्या नाहीत तर दुसऱ्या दिवशी पांढरी बुरशी ठरलेली. दोन वर्षांपूर्वी अशाच एका शनिवारी मी दोन खोकी घेतली आणि दुपारी साडेतीनला मफिन करायला घेतले. घरात सासूबाई, साडेचार वर्षांचा थोरला आणि सतरा महिन्यांची धाकटी. नवरा कामाला पुण्याला गेलेला.

आमचा ओटीजी, म्हणजे छोटा विजेचा ओव्हन, 2020 च्या टाळेबंदीत घेतलेला. सगळ्यांनी घेतला तेव्हा आम्हीही घेतला. ओट्यावर त्याला जागा नव्हती, आणि तिथला एकुलता एक पॉवर पॉइंट फ्रिजने अडवलेला. दीड हजार वॅटचं ते धूड एक्स्टेंशन बोर्डावर लावू नये एवढी अक्कल मला होती. म्हणून स्वयंपाकघराबाहेरच्या पॅसेजमध्ये, वॉशिंग मशीनसाठी काढलेल्या पण रिकाम्या राहिलेल्या पॉवर पॉइंटाखाली, एका टीपॉयवर तो बसवला. टीपॉय गुडघ्याएवढा. म्हणजे ओव्हनची काच बरोबर धाकटीच्या तोंडासमोर. हे आज लिहिताना मला जेवढं स्पष्ट दिसतंय तेवढं तेव्हा दिसत नव्हतं. वायरिंग जळू नये म्हणून मी काळजी घेतली होती, त्यातच माझं समाधान झालं होतं.

मुलांना त्या काचेचं भारी वेड. ओव्हन लागला की आत पिवळा दिवा लागतो, आणि कागदी वाट्यांतलं मिश्रण हळूहळू फुगून वर येताना दिसतं. एखादा मफिन वाकडा फुगतो, एखाद्याच्या टाळूला चीर जाते, चिरेतून स्ट्रॉबेरीचा लाल रस बुडबुडत बाहेर येतो. दोघं लांब बसून ते टीव्हीसारखं बघायची. मग घंटी वाजायची. धाकटीला तेव्हा जेमतेम पंधरा-वीस शब्द येत होते, त्यातला एक होता 'तिंग'. तिंग म्हणजे खाऊ. तिंग झालं की पळायचं.

आमच्या ट्रेमध्ये सहाच मफिन बसतात, त्यामुळे बाराचं मिश्रण केलं की दोन घाणे. पहिला घाणा झाला. टिंग वाजलं. मी ट्रे काढून जेवणाच्या टेबलावर ठेवला, ओव्हनची उष्णता जाऊ नये म्हणून दार लावलं आणि दुसरा ट्रे भरायला आत वळले. सासूबाई धाकटीला आतल्या खोलीत थोपटत होत्या, त्या जरा न्हाणीघरात गेल्या. मी पाठ फिरवलेली फार तर अर्धं मिनिट.

लहान मूल खिडकीच्या काचेतून बघतं तेव्हा काय करतं ते आठवा. दोन्ही तळवे पसरून काचेला टेकतं आणि कपाळ पुढे घेतं. तिने तेच केलं.

किंकाळी ऐकून मी बाहेर आले तेव्हा ती ओरडत होती, पण हात तसेच काचेवर होते. हे मला नंतर कितीतरी रात्री छळत राहिलं. आपल्याला चटका बसला की हात आपोआप मागे येतो. डॉक्टरांनी सांगितलं, एवढ्या लहान मुलांचं तसं नसतं. ती घाबरून थिजतात, तोल सावरायला उलट जास्त दाबून धरतात, आणि त्यांची कातडी इतकी पातळ असते की मोठ्या माणसाला नुसती कढत लागणारी काच त्यांना भाजून काढते. माझी बोटं रोज पोळ्या उलटून कसलेली. त्या काचेला मीही अनेकदा हात लावला होता आणि "गरम आहे जराशी" यापलीकडे मनात काही आलं नव्हतं. मुलांच्या बाबतीत आपल्या बोटांचा अंदाज काडीचा कामाचा नाही.

पुढची पाच मिनिटं घरात जत्रा. मी तिला उचलून बेसिनकडे धावले आणि नळ सोडला. पाणी गरम आलं. मार्चअखेरची दुपार, गच्चीवरची काळी टाकी दिवसभर तापलेली. नळाला अंघोळीचं म्हणावं असं पाणी. ती आणखी किंचाळली. नळ वाहू द्यावा, गार पाणी येईल, की काय करावं? तेवढ्यात सासूबाई न्हाणीघरातून टूथपेस्टची नळीच घेऊन आल्या आणि मी काही म्हणायच्या आत डाव्या तळव्यावर पांढरा थर दिला. शेजारच्या काकू किंकाळी ऐकून आल्या, त्या म्हणाल्या बटाटा किसून लावा. त्यांच्या सूनबाई फ्रीजरमधला बर्फ काढायला धावल्या. प्रत्येकीची माया खरी होती, आणि प्रत्येकीचा उपाय चुकीचा.

शेवटी माठ आठवला. मांडीवर परात, परातीवर तिचे हात, आणि तांब्याने माठातलं पाणी ओतत राहायचं. बर्फ नको, बर्फाने भाजलेल्या कातडीचं नुकसान वाढतं, एवढं कुठेतरी वाचलेलं डोक्यात होतं. वीस मिनिटं ओतायचं हेही माहीत होतं. पण वीस मिनिटं रडणाऱ्या लेकराला धरून बसणं म्हणजे काय, ते वाचून कळत नाही. दोन मिनिटांत वाटतं, झालं असेल. पाचव्या मिनिटाला घरातलं कुणीतरी म्हणतं, "अगं सर्दी होईल तिला." आम्ही बारा-तेरा मिनिटं केलं असेल, मग रिक्षा करून दवाखाना.

दवाखान्यात पहिला प्रश्न आला, "कशाला भाजलं?" माझ्या तोंडून शब्द फुटेना. सासूबाई पटकन म्हणाल्या, "माझ्याजवळ होती डॉक्टर, माझं लक्ष नव्हतं." त्या बाईंनी त्या क्षणी माझ्यावरचा आळ स्वतःवर घेतला, ते मी विसरणार नाही. पण डॉक्टरांना आळ कुणावर घ्यायचा ते नको होतं. वस्तू कोणती, किती वेळ हात टेकला होता, त्यावर काय काय लावलं, एवढंच हवं होतं. खरं सांगा आणि सगळं सांगा. लाजेपोटी "कळलंच नाही कसं झालं" म्हणालात तर उपचाराचा अंदाज चुकतो आणि डॉक्टरांच्या मनात नको त्या शंका येतात. उजवा तळवा लगेच तपासून झाला. डावा तपासण्याआधी त्यावर सुकलेली टूथपेस्ट काढावी लागली. ते काढताना ती जे रडली, ते ऐकून सासूबाई बाहेर जाऊन बसल्या.

तळवा भाजला की डॉक्टरांना दाखवायचंच, फोड लहान असला तरी. भरून येताना कातडी आकसते आणि बोटं आत ओढली जाऊ शकतात. आमच्या नशिबाने फोड वरवरचे होते, अडीच आठवड्यांत सगळं भरून आलं. पुढे काही दिवस दिवसातून तीनदा तिची बोटं सरळ करायचा व्यायाम दिला होता, तो आम्ही गाणी म्हणत केला.

आता जे कुणालाच सांगितलं नव्हतं ते सांगते. त्या सगळ्या गोंधळात थोरला कुठे होता, हे विचारायचं कुणाला सुचलंच नाही. रात्री आमटीभात कालवून दिला तर तो घास तोंडात घेईना. रागावले, समजावलं, शेवटी कुशीत घेतल्यावर म्हणाला, "आई, माझ्या जिभेला पण बाऊ झालाय." आम्ही सगळे बेसिनपाशी असताना तो टेबलाजवळ एकटा होता. समोर सहा मफिन. त्याने एक उचलला, वरून गार लागला म्हणून मोठा घास घेतला, आणि आतल्या स्ट्रॉबेरीने जीभ आणि टाळू पोळलं. ओरडला नाही, कारण आई बहिणीला घेऊन रडत होती. पाच तास तो पोरगा पोळलेली जीभ घेऊन गप्प राहिला.

फळाचे मफिन साध्या केकपेक्षा वेगळे वागतात ते असे. ओव्हनमधून निघताना मफिनच्या आतलं तापमान नव्वदीच्या पुढे असतं. पण भोवतालचा स्पंज म्हणजे बरीचशी हवा, तो पटकन निवतो. फळाचा तुकडा म्हणजे पाणी आणि साखर. तो उष्णता धरून बसतो, आणि गोड चिकट रस जिभेला लागला की तिथेच डसतो. ही गोष्ट मराठी घराला नवीन नाही. बटाटेवडा वरून खाण्याजोगा लागतो आणि आतला बटाटा तोंड पोळतो. उकडीच्या मोदकाची पारी निवते, गूळ निवत नाही. मोदक वाढताना "जपून रे, आतून गरम आहे" असं आपण न चुकता म्हणतो. मफिनच्या वेळी कोण म्हणतं?

तेव्हापासून आमच्याकडचा नियम असा की मफिन हातात द्यायचा तो मोडूनच. मधोमध दोन भाग करायचे, वाफ जाऊ द्यायची, फळाच्या तुकड्याला आपला ओठ लावून बघायचा. कागदी वाटी आधीच काढायची. दीड वर्षाचं मूल केक आणि कागद यात भेदभाव करत नाही.

पण मोठा धडा घंटीचा आहे. ओव्हन चालू असतो तोवर आपण सावध असतो. "तिकडे जाऊ नको, चटका बसेल" दर दोन मिनिटांनी चालू असतं. घंटी वाजली, बटण फिरवलं, दिवा गेला, की आपल्या लेखी काम संपलं. ओव्हनच्या लेखी नाही. पुढे एकदा बंद केल्यावर पंचवीस मिनिटांनी मी काचेला हाताची पाठ लावून पाहिली, तेव्हाही ती चांगलीच गरम होती. गॅसचं बरं असतं, जाळ दिसतो, विझला की विझला. चुलीला निखारे असतात, धूर असतो. बंद ओटीजी मात्र अगदी निरुपद्रवी दिसतो, आणि नेमका त्याच वेळी घरभर खाऊचा वास सुटलेला असतो. घाणा बदलताना तर आणखी वाईट. दार खाली उघडतं, म्हणजे मुलाच्या छातीशी तापलेली फळी आडवी येते. त्यावर मुलाने भार दिला तर अख्खा ओव्हन पुढे कलंडू शकतो.

म्हणून घंटीनंतरचा अर्धा तास आम्ही मुलांना दुसरीकडे अडकवतो. टिंग झालं की झोपाळा. हे आम्ही धाकटीला मुद्दाम शिकवलं, अगदी शाळेत शिकवावं तसं. घंटी वाजली की आजी म्हणायची, "चला, झोपाळा!" आणि दोघांना घेऊन बाल्कनीत जायची. चार-पाच वेळा रडारड झाली. आता घंटी वाजली की ती आपणहून तिकडे पळते. ज्या घंटीने तिला काचेकडे ओढलं, त्याच घंटीला दुसरं काम लावलं. घरात दुसरं मोठं माणूस नसेल तर ओव्हन लावूच नका, हा माझा हट्ट समजा. एका माणसाने गरम ट्रे आणि रांगतं-पळतं मूल सांभाळायचं नसतं.

ओव्हन आता ओट्यावर गेला. फ्रिज हलवला, इलेक्ट्रिशियनला बोलावून पॉवर पॉइंट वाढवून घेतला. जे सुरुवातीलाच करायला हवं होतं. काच ओट्याच्या कडेपासून हातभर आत आहे. वायर मागे बांधलेली, लोंबती नाही. वर किंवा शेजारी नॅपकिन ठेवत नाही. एक मुलांनी ओढायला नको, दुसरं म्हणजे गरम ओव्हनवर कापड टाकूच नये. पॅसेजमध्ये खडूने लक्ष्मणरेषा आखायची कल्पना मला एका मैत्रिणीने सुचवली होती. साडेचार वर्षांचा ती पाळतो, तेही खाऊचा वास येईपर्यंत. सतरा महिन्यांच्या मुलाला रेषा, नियम, दटावणी यातलं काहीही अडवत नाही. त्याला अडवते फक्त उंची, नाहीतर बंद दार.

मग मुलांना घेऊन बेकिंग करायचंच नाही का? करायचं की. मफिन हा त्यांच्यासाठीच काढलेला पदार्थ आहे असं मला वाटतं. केकला लोणी-साखर फेसत बसावं लागतं. मफिनला सुकं एका पातेल्यात, ओलं दुसऱ्या पातेल्यात, दोन्ही एकत्र करून दहा-बारा वेळा डाव फिरवायचा की झालं. गुठळ्या राहिल्या तरी चालतात, राहायलाच हव्यात. फार घोटलं तर मैद्याला चिकटपणा येतो, मफिन रबरासारखे होतात आणि आत बोगदे पडतात. मुलांना ढवळायला दिलं की हेच होतं, कारण ती थांबत नाहीत. आमच्याकडे थोरला मोठ्याने आकडे म्हणतो आणि बारा झाले की मी डाव काढून घेते.

माझं आताचं वेळापत्रक दोन तुकड्यांचं आहे. थंड काम सकाळी, मुलांबरोबर. गरम काम दुपारी, धाकटी झोपल्यावर. सगळं मिश्रण सकाळी कालवून ठेवता येत नाही, कारण खायचा सोडा दही-फळांच्या आंबटपणाला भेटला की लगेच फसफसतो, आणि दुपारपर्यंत त्याचा जीव गेलेला असतो. म्हणून दोन पातेली वेगळीच ठेवायची. सुक्यात 200 ग्रॅम मैदा (मी निम्मी कणीक घेते), सपाट चमचाभर खायचा सोडा, चिमूटभर मीठ. ओल्यात साली काळ्या पडलेली तीन केळी कुस्करून, 100 ग्रॅम साखर, 75 मिलिलिटर तेल, 100 ग्रॅम दही. हे झाकून फ्रिजमध्ये. केळी कुस्करायला थोरल्याच्या हातात पावभाजीचा मॅशर, धाकटीला तिच्या उंच खुर्चीत बसवून एक केळं आणि दोन्ही हात. ती अर्धं केळं केसांना लावते. असू दे, केसांतलं केळं निघतं. कागदी वाट्या ट्रेमध्ये बसवायचं काम थोरल्याचं, आणि त्यात त्याला कुणी मदत केलेली खपत नाही. दुपारी मी दोन्ही पातेली एकत्र करते, चिरलेल्या स्ट्रॉबेरी चमचाभर मैद्यात घोळवून वरून घालते, म्हणजे त्या तळाशी बसत नाहीत. 180 अंशांवर वीस ते बावीस मिनिटं. बारा मफिन होतात. धाकटी झोपून उठेपर्यंत ते निवलेले असतात आणि निवलेलेच जास्त चांगले लागतात, केळ्याचा गोडवा तेव्हाच कळतो.

फुगताना बघायची मजा मात्र गेली. त्याचं थोरल्याला वाईट वाटलं, म्हणून कधीतरी रविवारी नवरा घरी असला की त्याला कडेवर घेऊन उभा राहतो.

पातेलं चाटायला देण्याबद्दल माझं सासूबाईंशी अजून एकमत नाही, पण मी देत नाही. कच्च्या अंड्यातून साल्मोनेला होऊ शकतो हे बहुतेकांना ठाऊक असतं. "आपलं तर बिनअंड्याचं" म्हणून आपण निर्धास्त होतो. पण कच्चं पीठही निर्धोक नसतं. धान्य शेतातून येतं, दळताना त्यातले जंतू मरत नाहीत. 2016 साली अमेरिकेत कच्च्या पिठातून ई. कोलायची बाधा होऊन डझनावारी लोक आजारी पडले होते आणि ते पीठ बाजारातून परत बोलवावं लागलं. आपल्या आज्यांनी बेसन खमंग भाजल्याशिवाय लाडू कधी वळला नाही, तीच शिस्त मैद्याला लावायची एवढंच.

साखरेऐवजी 'पौष्टिक' म्हणून मध घालणाऱ्यांनी ऐकावं: वर्षाच्या आतल्या बाळाला मध द्यायचा नाही, भाजलेल्या मफिनमधूनसुद्धा नाही. मधात बोट्युलिझमच्या जिवाणूंचे बीजाणू असू शकतात, ते ओव्हनच्या आचेने मरत नाहीत, आणि तान्ह्या आतड्यांत ते रुजतात. बाळाला मध चाटवायची आपल्याकडे रीत आहे हे मला माहीत आहे. तरीही नाही.

फळांचं बघा. स्ट्रॉबेरी, केळं, हापूसचा रस, डहाणू-घोलवडचा बिया काढलेला चिकू हे सगळं भाजून मऊ पडतं, त्यात अडकण्यासारखं काही नाही. भीती वाटते ती द्राक्षाची. नाशिकची पेटी घरात आली की द्राक्षं घालून मफिन करावेसे वाटतात. अख्खं द्राक्ष लहान मुलाच्या घशात बुचासारखं बसतं. उभे चार काप केल्याशिवाय पाच वर्षांखालच्या मुलाला ते देऊ नये, मफिनमध्येही आणि ताटातही. अख्खे बदाम, अक्रोडाचे मोठे तुकडे, सजावटीचे ते चंदेरी कडक गोळे लहानांच्या मफिनमध्ये नकोत. सुका मेवा घालायचाच तर पूड करून. आणि खाताना मूल खाली बसलेलं हवं. पळता पळता खाल्लेला मफिन नको.

बारीकसारीक आणखी दोन. मफिन झाला का बघायला टूथपिक वापरत असाल तर किती काढल्या ते मोजा, तेवढ्याच डब्यात परत गेल्या का बघा. मी आता विणकामाची सुई वापरते, ती हरवत नाही. व्हॅनिला इसेन्सची बाटली मुलांच्या नजरेला सरबताची बाटली दिसते. ती आणि सोड्याचा डबा वरच्या फळीवर.

आणि एवढं करूनही भाजलंच, तर. मनगट्या, बांगड्या, काळा दोरा, अंगठी आधी काढा, कारण सूज आली की निघत नाहीत. त्या दिवशी धाकटीच्या मनगट्या मला दवाखान्यात कापून काढाव्या लागल्या. मग वाहतं गार पाणी, घड्याळ लावून वीस मिनिटं. आपल्याला पुरे वाटतं म्हणून थांबू नका. लगेच जमलं नाही तरी तीन तासांच्या आत केलेलं पाण्याचं काम उपयोगी पडतं. पाणी भाजलेल्या जागेवर, बाकीचं अंग कोरडं आणि पांघरलेलं ठेवा. सर्दीची काळजी त्याने मिटते. बर्फ, टूथपेस्ट, हळद, तूप, शाई, कॉफी काहीही नाही. तुपाने उष्णता आत कोंडते, हळदीने जखमेचा रंग दिसत नाही. फोड फोडू नका. स्वच्छ क्लिंग फिल्म हलक्या हाताने वरून ठेवा, नसेल तर धुतलेलं सुती कापड ओलं करून. तळवा, चेहरा, सांधा किंवा नाजूक जागा भाजली असेल, किंवा भाजलेला भाग मुलाच्या स्वतःच्या तळव्याहून मोठा असेल, तर वाट न बघता डॉक्टर. गाडी मिळत नसेल तर 108. आणि घरात दुसरं मूल असेल तर निघण्याआधी त्याला एकदा नावाने हाक मारा, त्याच्याकडे बघा.

सासूबाईंनी न्हाणीघरातली टूथपेस्टची नळी दुसऱ्या दिवशी वरच्या कप्प्यात नेऊन ठेवली. मी कधी काही बोलले नाही. परवा शेजारच्या काकूंच्या नातवाला इस्त्रीचा चटका बसला तेव्हा सासूबाईच पहिल्या ओरडल्या, "काही लावू नका, पाणी घाला, वीस मिनिटं!"

आज ओव्हन लावणार असाल, तर तो तापायला ठेवण्याआधी नळाचं पाणी हातावर घेऊन बघा. गरम येत असेल तर माठ भरून ठेवा.